टाकलं की ठेवलं

माघ शु. ७, शुक्रवार. टेंभुर्णी

मंगळवारच्या पानावर मी लिहिलं आहे, 'आक्कानं लेकरू टाकलं.' ते चूक आहे. खोडत नाही, इथं दुरुस्त करते. मी टाकताना पाहिलं नाही.

पाहिलं ते एवढं. आक्काच्या सासरी, केदारखेड्याला, मी ओसरीत आबांचं ताट पुसत होते. आतून तिची सासू ओरडली, "टाकलं गं बाई, लेकरू टाकलं!" मी आत गेले. बाळ गोधडीवर होतं, उताणं. टोपड्याची नाडी हनुवटीखाली बांधलेली. रडत नव्हतं, आढ्याकडं बघत होतं. आक्का भिंतीला टेकून उभी. हात पाठीमागं. शाळेत छडी चुकवायला पोरी लपवतात तसे.

म्हणजे शब्द आधी कानात पडला, डोळे नंतर पोचले. घरी येऊन लिहायला बसले तर हातातून सासूचाच शब्द उतरला. माझा नव्हे.

एवढंच असतं तर भ्याले नसते. आज सकाळी दळताना मला स्पष्ट दिसलं. आक्काचे हात वर, बाळ अधांतरी, लाल टोपडं. जात्याचा खुंटा तसाच धरून बसले. टोपडं हिरवं होतं. मीच शिवलेलं आहे.

जे झालंच नाही (किंवा मी पाहिलंच नाही) ते असं रंगासकट दिसत असेल, तर उद्या मला कुणी विचारलं तर मी काय…

माघ शु. ९, रविवार

आक्का इथं आणली, बाळ तिकडंच ठेवून घेतलं. दोन महिन्यांचं लेकरू शेळीच्या दुधावर. सासू म्हणाली, "पोरगी बरी करून पाठवा, मंग देऊ हातात. तवर न्हाई." आबांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर सगळ्या वाटेत एकच बोलले, "बैल दमले."

आक्काची चोळी भिजते. माय फडकं बदलते आणि तोंड फिरवते.

आक्काला झोप नाही. भाकरीचा तुकडा मोडते, त्याची गोळी करते, ताटाच्या कडेला ठेवते. बाळंतपण इथंच झालं, तेव्हाही झोपत नव्हती. आम्ही म्हटलं बाळंतीण आहे, होईल सरळ. मग सव्वा महिन्यानं ओटी भरून सासरी धाडली.

माय शेजारच्या सखूकाकूला हळूच सांगत होती, "बाहेरचं हाय. नदीवरून आल्ती त्या दिवसापासून…" शिकलेल्या मुलीला हा शब्द ऐकून राग यायला हवा. मला सुटल्यासारखं झालं. बाहेरचं असेल तर आतलं नाही. आतलं नसेल तर रक्तातलं नाही. आणि रक्तातलं नसेल तर माझ्यात—

माघ शु. १३, गुरुवार

जालन्याहून निघताना ट्रेनिंग क्लासच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, परत येशील तेव्हा निबंध लिहून आण. माणूस घडतो कशानं, रक्तानं की वळणानं? वर्गात यावर दोन फळ्या करून भांडलो होतो. मी वळणाकडून. उभी राहून म्हटलं, आमच्या घरात आजवर कुणाला अक्षर ठाऊक नव्हतं, मला येतं. रक्तातच सगळं असतं तर हे आलं कुठून? टाळ्या पडल्या. मो. बा. म्हणाल्या, "मुद्दा चांगला आहे, यशोदा. पण तो तुझ्या सोयीचा म्हणून तुला पटतो का, तेवढं तपास."

तेव्हा मनातून चिडले होते. आता तपासत बसले आहे.

आक्काची सासू म्हणते नाटक आहे. म्हणजे आक्कानं मनात आणलं तर उद्या उठून भाकरी थापील, उठत नाही म्हणजे लबाड. माय म्हणते बाहेरचं. मग आक्काचा दोष नाही, पण तिच्या हातातही काही उरलं नाही. तिसरं गावात बोलतात, आमच्यापुढं बोलत नाहीत. कोंडाआत्याचं रक्त. ही आबांची आत्या. विहिरीत गेली. मी तिला पाहिलेलं नाही. नाक माझं तिच्यावर गेलंय म्हणतात.

सासूला नाटक सोयीचं, मायला बाहेरचं सोयीचं, गावाला रक्त. आणि मला? मला जे सोयीचं ते मला दिसणार नाही, असंच मो. बा. म्हणत होत्या ना.

माघ व. ३, मंगळवार

सखूकाकू ताक मागायला आल्ती. (आल्ती लिहिलं. राहू दे.) मला म्हणाली, "काय गं यशे, तुमच्या शाळेत काय म्हणत्यात याला?"

"मनाचा आजार म्हणतात, काकू."

"आन मन कुठं असतं?"

"दिसत नाही ते."

"मंग झालं की! आमचं भूतबी दिसत न्हाई. आमी उतरवाया नारळ घेतो, तुमचे लोक काय घेत्यात?"

"फी," आबा ओट्यावरून म्हणाले.

माय हसली. आणि आक्का हसली. खरंच हसली, ओठाच्या एका कोपऱ्यात. मी चटकन मान वळवून पाहिलं, तर तिनं ते गिळलं.

"अशी बघत नको जाऊ," म्हणाली. "आत्याबाई अशाच बघायच्या." (सासूला ती आत्याबाई म्हणते.)

पाहणाऱ्यामुळं पाहिलं जाणारं बदलतं, असं मो. बा. फळ्यावर लिहीत. मी ते वहीत दोन रेघा मारून उतरवलं होतं. हुशार वाक्य वाटलं होतं. आज माझ्या बघण्यानं आक्काचं हसू गेलं. आता तिच्यासमोर मी डाळ निवडते आणि डाळीकडंच बघते.

काकूचा प्रश्न मात्र जात नाही. दिसत नाही त्याचं आम्ही काय मोजतो? सांगणाऱ्याच्या तोंडावरच सगळी भिस्त. आणि आक्का तर सांगतच नाही.

माघ व. ९, सोमवार

हे लिहू की नको. लिहिते. नाही लिहिलं तर ते मनात वाढून दुसरंच काही होईल, टोपड्यासारखं.

काकूची नात कडेवर घेऊन विहिरीवर गेले होते. काठावर उभी होते. पोरगी माझ्या कानातल्या फुलाशी खेळत होती. मनात आलं, हात सोडला तर?

इच्छा नव्हती. देवाशप्पथ नव्हती. नुसतं आलं. पण आलं ते माझ्याच आवाजात. मी मागं सरले, पोरीला चिंचेखाली खाली ठेवलं आणि तिच्यापासून लांब जाऊन उभी राहिले. ती मजेत माती खात होती. मग लक्षात आलं की मी हात पाठीमागं धरले आहेत.

पहिलीच वेळ नाही. जालन्यालाही, शिवणाच्या तासाला, हातात कात्री आणि पुढ्यात लहान मुलींचा घोळका असताना. कात्री टेबलावर ठेवून डोकं दुखतं म्हणून बाहेर गेले होते. कुणाला बोलले नाही.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणजे वळण नाही. मग उरलं ते…

चैत्रात देऊळगावचे पाहुणे मला बघायला येणार. मायनं शेवया करायला घेतल्या आहेत. मुलं होतील. माझ्या हातात देतील.

फाल्गुन शु. २, मंगळवार

दाजी आले. मायनं बाळाचं विचारलं.

"दूध पितं. थोडं वकतं."

आक्का दाराआड उभी होती. दाजींना तिचा पदर दिसला असावा. एकदम मोठ्यानं बोलायला लागले, "मूठ लई घट झालीया आता. माझी मिशी धरून ठिवती बघा. सोडवावी लागती!" पदर हलला नाही. पण गेलाही नाही.

मग आबांशी मुद्द्याचं. मी चुलीपाशी.

"मामा, आमची माय म्हणून राह्यली, बाहेरचं असंल तर देवाच्या ठाण्यावर नेऊ, उतरंल. आतलं असंल तर…"

"तर?"

"तर दुसरी बघू म्हणती."

"आन तू काय म्हणतो?"

"मी काय म्हणणार? मी म्हणतो बाहेरचंच हाय, मामा." विनवल्यासारखं म्हणाले. माणूस वाईट नाही. भ्यालेला आहे. माझ्यासारखाच तोही शब्दाला धरून बसला आहे.

ठरलं ते असं. धूळवड झाली की बुधवारी दोन्हीकडची माणसं आमच्या ओट्यावर बसतील. आक्कानं काय केलं ते एकदा सगळ्यांसमोर होईल. मग शुक्रवारी, रंगपंचमीला, गाडी ठाण्यावर जाईल. तिथं बायांना खांबाशी साखळीनं बांधतात. केस मोकळे सोडून घुमवतात. अंगात कोण आहे त्याचं नाव सांगेपर्यंत सोडत नाहीत. नाव सांगितलं की उतरलं. सखूकाकूची जाऊ तिथून बरी होऊन आली, हे खरं आहे, मी तिला पाहते. तिच्यासोबत गेलेली दुसरी आलीच नाही, हेही खरं आहे. एकीवरून सगळ्यांचं कसं सांगावं? आणि सगळ्यांवरून आक्काचं तरी कसं?

मी मध्येच म्हटलं, जालन्याला डॉक्टरीणबाईंना दाखवू. आबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत, आजही ओरडले नाहीत.

"काय दाखवायचं, बाई? जखम कुठं हाय? आन तिनं कागदावर येडी म्हणून लिहिलं, तर ते कोण उतरवील?"

भूत उतरतं. कागदावरचं उतरत नाही.

फाल्गुन शु. ८, सोमवार

सगळे खळ्यावर. आक्का नि मी हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. ती आपण होऊन बोलली.

"यशे, तिथं नाव इचारत्यात ना?"

"हो."

"माझ्याकडं नाव न्हाई. तू शिकलेली हायेस, एखादं काढून दे."

मला वाटलं चेष्टा करते. तोंड तर गंभीर.

"आत्याबाईची सासू चालंल का? मरताना म्हातारीनं पुरणपोळी मागितल्ती. आत्याबाईनं दिली न्हाई म्हणत्यात. ती कुणालाबी धरील."

आम्ही दोघी हसलो. घाटे सांडेपर्यंत हसलो. मी मुद्दाम तिच्याकडं बघितलं नाही, म्हणून ते टिकलं. मग हसण्यातच तिचं रडणं सुरू झालं. "नाव सांगितलं की लेकरू देत्यात ना? मंग मी दहा नावं सांगते. बांधून घेते. काय त्यात."

दिवसभर हेच डोक्यात. खोटं नाव सांगून खरं लेकरू मिळत असेल तर बिघडलं कुठं? बिघडलं असं, की नाव सांगितलं म्हणजे टाकलं हे कबूल झालं. टाकलं, पण भुतानं टाकलं. ते बाळ मोठं होईल, पाटी घेऊन शाळेत जाईल, आणि कुणीतरी त्याला सांगेलच, तुझ्या मायनं तुला टाकल्तं.

आणि तिला आत जे होतंय ते साखळीनं जाणार नसेल तर?

फाल्गुन शु. १२, शुक्रवार

मी तिला काही विचारलं नाही. माझंच सांगितलं. विहीर, काकूची नात, कात्री. वाटलं, आता ही किंचाळेल, माझ्यापासून लांब सरकेल.

ती जवळ सरकली.

"तुलाबी येतं?"

मी मान हलवली.

"मला वाटलं मलाच." मग एका दमात, जमिनीकडं बघत. तिच्याच शब्दांत लिहिते, माझा एकही घालत नाही:

"त्याला पाजून झालं. मनात आलं, हे हात त्याला टाकतील. रोजच यायचं. त्या दिवशी लई आलं. म्हणलं, टाकायच्या आत ठेवावं. गोधडी झटकली. टोपड्याची नाडी बांधली, वारं लागंल म्हणून. ठेवलं. हात मागं घेतले. तेवढ्यात आत्याबाई आल्या. म्हणल्या, मांडीवरचं खाली काहून ठेवलंस? मी म्हणलं, टाकीन म्हणून."

टाकीन म्हणून.

म्हणजे सासू खोटं बोलली नाही. तिनं टाकीन ऐकलं. ओरडताना त्याचं टाकलं झालं, ओसरीत ते माझ्या कानात पडलं, टेंभुर्णीला येऊन माझ्या हातानं लिहिलं गेलं. एवढ्या वाटेत दोन अक्षरांनी बाई लेकुरटाकी झाली.

मग शंका. मी आधी माझं सांगितलं. माझं ऐकून तिनं तिचं तसं जुळवलं असेल तर? हात मागं घेतल्याचं मीच आधी बोलले होते. मीच तिच्या तोंडात दिलं असेल. मला तर न पाहिलेलं लाल टोपडं दिसतं, तिला न झालेली गोधडी का दिसू नये?

पण नाडी. टोपड्याच्या नाडीचं मी कुणाजवळ बोललेले नाही, फक्त इथं लिहिलं आहे, आणि आक्काला अक्षर येत नाही. ती नाडी मी पाहिली होती, बांधलेली. टाकणारा माणूस आधी वाऱ्याचा विचार करील का?

हा पुरावा झाला का? वर्गात असता तर पुरला नसता. ओट्यावर पुरेल का, माहीत नाही.

होळी, रविवार

पोळ्या जमल्या नाहीत, पुरण बाहेर आलं. माय म्हणाली, "चित्त कुठं हाय तुझं?"

वर्गात आणखी एक वाद होता. माणूस आपल्या मनासारखं वागायला मोकळा आहे, की त्याच्याकडून सगळं करवलं जातं? मी तेव्हा काही बोलले नव्हते, मला तो वाद पोकळ वाटला होता. आता बसून बघते. विचार आला, तो तिनं आणला नव्हता. त्यात ती मोकळी नव्हती. पण विचार येणं आणि हात हलणं यांच्यामध्ये तिनं गोधडी झटकली. तेवढी जागा होती. सगळा झगडा त्या जागेचा आहे, आणि ती केवढी असते, रोज असते का, एखाद्या दिवशी नसते का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पुस्तकात नाही.

म्हणून भीती जात नाही. आक्का निर्दोष ठरली की मीही ठरते. विहीर, कात्री, सगळं धुतलं जातं. म्हणजे हेच माझ्या सोयीचं आहे. मो. बा. असत्या तर म्हणाल्या असत्या, बघ, सापडलं ना. सोयीचं आहे म्हणून खोटं, असंही नाही. पण खरं आहे हे कशावरून? माझं चुकलं तर ते निबंधातलं चुकणं नव्हे. दोन महिन्यांचं… आता तीन महिन्यांचं.

होळीपाशी आबा शेजारी येऊन उभे राहिले. धुराकडं बघत म्हणाले, "बुधवारी तुलाच इचारतील. आपल्यातली तूच आत गेल्तीस. सासूचा तर शब्द हायच."

"माहीत आहे."

"काय सांगशील?"

"टाकलं नाही, ठेवलं."

"काहून ठेवलं, असं इचारतील मंग."

त्यांनी नारळ आगीत लोटला आणि काठीनं उगाच सरळ करत राहिले.

धूळवड, सोमवार

आबांचा प्रश्न बरोबर आहे. 'काहून ठेवलं' याचं उत्तर एकच आहे, आणि ते आक्काच्या तोंडून आलं की पुन्हा त्याचं टाकलं होणार. तिच्या तोंडचं आता कुणी सरळ ऐकणार नाही. सांगायचं तर मलाच. आणि नुसतं तिचं सांगून भागणार नाही. म्हणतील, असं मनात येतं तीच येडी. असं धडधाकट माणसालाही येतं, भाकरी थापणाऱ्या, शाळेत शिकवायला निघालेल्या बाईलाही येतं आणि ती काही करत नाही, हे पटवायला माझ्याकडं एकच माणूस आहे.

मायला अर्धं सांगून पाहिलं. विहिरीचं. ती शेवया वाळत घालत होती. हात थांबला नाही. "हे देऊळगावापर्यंत जाईल," म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "तू पोटात असताना, गंगी लहान होती तवा, मलाबी कायबाय यायचं. विळी दिसली की. मी विळी माळ्यावर टाकून दिल्ती." आणि आत निघून गेली.

गंगी म्हणजे आक्का. मायला विचारायचं होतं, मग माळ्यावरून विळी कधी काढलीस? विचारलं नाही. मायच्या रक्तातलंही आहे म्हणजे बरं की वाईट, तेही कळत नाही. कोंडाआत्या तर आबांकडची.

आक्काला सगळं सांगून विचारलं, तुझं बोलू का? "बोल," म्हणाली. मग, "तुझं नको बोलू, यशे. तुझं लगीन व्हायचंय." यावर मी तिला काही वचन दिलं नाही.

सासू येणार, म्हणजे बाळही येणार. आता तिच्याशिवाय राहत नाही. बैठकीत बोलून झालं की मी बाळ मागणार आहे. साखळीचं ठरायच्या आधी, सगळ्यांदेखत आक्काच्या मांडीवर देणार आणि तिला लागून बसणार. ती पाजेल. तिच्या मनात काय येईल ते येईल. माझ्याही येईल. दोघींचे हात सगळ्यांना दिसतील असे पुढं असतील.

आणि जर

हे वाक्य दोनदा सुरू केलं, पुढं जात नाही. सोडून देते.

काकूची नात दारात आली आहे, रंगानं माखलेली. दोन्ही हात वर करून उभी आहे, घे म्हणते. घेते. काठावर जाणार नाही, पण घेते.

परवा, फाल्गुन वद्य तृतीया, बुधवार. ओट्यावर माणसं बसली की. कुणी मला विचारायच्या आधी बोलणार, विहिरीपासून.